हॉक्सबिलची अंडी इतकी जपली जातात, तरी संख्या का वाढत नाही?

पुळण :

हॉक्सबिल कासवाबद्दलचं एक कोडं सुटत नाहीये. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते १९९६ पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे. दुसरीकडे, त्याच्या घरट्यांवर पहारा देण्याचं काम जगात कितीतरी किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं चालू आहे. मादी एका खेपेला सव्वाशे-दीडशे अंडी घालते, तेही एका हंगामात तीन ते पाच वेळा. त्यातली निम्मी पिल्लं जरी पाण्यात पोचली तरी आतापर्यंत समुद्रात हॉक्सबिलच हॉक्सबिल दिसायला हवीत. मग अडतंय कुठे?

दुसरा प्रश्न घरट्यांचा. काही सूचनापत्रकं म्हणतात, भरतीच्या टप्प्यातली अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे अंडी पुरून उबवायच्या राखलेल्या जागेत, न्या. काही म्हणतात, अंड्याला हात लावाल तर आतला जीव मरेल. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? मी याच विषयावर एक पत्रक तयार करतोय, तेव्हा जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

भरतीरेषा :

पुळण, तुम्ही हिशोब अंड्यांपासून सुरू केलात, म्हणून तो जुळत नाही. हॉक्सबिलचा हिशोब वयापासून मांडावा लागतो.

पिल्लू किनारा सोडतं तेव्हा जेमतेम चार सेंटिमीटरचं असतं, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. पुढची काही वर्षं ते खुल्या समुद्रात, तरंगत्या शैवालाच्या आडोशाने काढतं. २० ते ३५ सेंटिमीटरचं झालं की प्रवाळाच्या खडकांवर येऊन स्थिरावतं आणि तिथे अगदी सावकाश वाढतं. वयात यायला प्रदेशानुसार २० ते ३५ वर्षं लागतात. त्यानंतरही मादी दरवर्षी किनाऱ्यावर येत नाही. दोन ते चार वर्षांनी एकदा येते. म्हणजे आज जपलेल्या घरट्याचं फळ दिसायला माणसाची एक पिढी जावी लागते. आज अंडी घालायला येणाऱ्या माद्या तीस वर्षांपूर्वीच्या घरट्यांतल्या, आणि त्या काळात त्या घरट्यांचं काय झालं असेल तोच आकडा आपण आज मोजतो.

आता मुद्द्याचं. मादी आयुष्यात काही हजार अंडी घालते. संख्या नुसती स्थिर राहायची तर त्या सगळ्यांतून एक मादी आणि एक नर वाढले तरी पुरतं. अंडी आणि पिल्लं मोठ्या प्रमाणात मरणार हे त्यांच्या जीवनक्रमात धरलेलंच आहे. पण वीस-पंचवीस वर्षं सगळ्या चाळण्यांतून पार पडलेलं, वयात यायच्या बेतातलं कासव मरतं, तेव्हा हजारो अंड्यांतून उरलेलं ते एक जातं. १९८७ साली क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी लॉगरहेड या दुसऱ्या जातीच्या समुद्री कासवांसाठी हेच गणित करून दाखवलं होतं : शंभर टक्के अंडी वाचवली तरी घसरण थांबत नाही, मोठ्या, न वयात आलेल्या कासवांचे मृत्यू कमी केले तर थांबते. हॉक्सबिलची जीवनरचना त्याच धर्तीची आहे.

आणि हॉक्सबिलच्या बाबतीत माणसाने नेमकी हीच मोठी कासवं वेचून मारली. कारण कचकडं. आपण 'कचकड्याची बाहुली' म्हणतो ती सेल्युलॉइडची, पण कचकडं म्हणजे मुळात कासवाचं कवच, आणि व्यापारातलं उत्तम कचकडं या एकाच जातीचं. सेल्युलॉइड हा पुढे त्याला मिळालेला स्वस्त पर्याय, त्याने नावही घेतलं. हॉक्सबिलच्या पाठीवर तेरा मोठे पत्रे असतात : मधल्या रांगेत पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार. ते कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. शास्त्रीय नावातल्या 'इम्ब्रिकाटा'चा अर्थही तोच. मधाच्या रंगावर तपकिरी-काळे फराटे. पदार्थ केराटिन, म्हणजे आपल्या नखांचाच. गरम पाण्यात मऊ होतो, दाबला तसा आकार धरतो, उष्णता आणि दाब दिला तर दोन तुकडे सांधा न दिसता एकजीव होतात. म्हणून फण्या, चष्म्याच्या काड्या, डब्या, वाद्यांच्या नख्या. आणि एका मोठ्या कासवातून हा माल निघतो साधारण एक किलो.

जुन्या व्यापारी नोंदींवरून २०१९ मध्ये काढलेला अंदाज असा की १८४४ ते १९९२ या काळात सुमारे ९० लाख हॉक्सबिल कवचासाठी गेली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात ही जात १९७७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. पण जपान १९८० मध्ये करारात आलं ते हॉक्सबिलपुरती हरकत नोंदवूनच, आणि 'बेक्को' या कचकड्याच्या कारागिरीसाठी तिथली आयात १९९२ च्या अखेरीपर्यंत चालू राहिली. या तारखेला वयाचं गणित लावून पाहा. ज्या माद्या तेव्हा कापल्या गेल्या, त्यांच्या मुली आज अंडी घालायला यायला हव्या होत्या.

मादी अंडी घालायला येते तेव्हा तिला पकडायला होडीही लागत नाही. ती अंडी घालण्याआधीच उलटी केली गेली, तर तेवढ्यात दोन पिढ्या जातात.

निवटी :

घरट्याबद्दल. दोन्ही सूचना बरोबर आहेत, फरक घड्याळाचा आहे.

मादीच्या अंडनलिकेत प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे गर्भाची वाढ तिथे एका टप्प्यावर थांबून राहते. अंडं बाहेर पडून हवा लागली की काही तासांत वाढ पुन्हा सुरू होते आणि गर्भाचं आवरण कवचाला आतून, वरच्या बाजूला चिकटतं. त्याची खूण डोळ्यांना दिसते : सुमारे एका दिवसात अंड्याच्या माथ्यावर खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो आणि तो हळूहळू पसरत जातो. ठिपका आल्यावर अंडं फिरवलं की ते नाजूक आवरण फाटतं. बाहेरून अंडं चांगलं दिसत राहतं, आत सगळं संपलेलं असतं.

म्हणून हलवायचं तर अंडी घातल्यापासून दोन तासांत. फार तर सहा. ती वेळ टळली असेल तर घरटं तिथेच ठेवायचं. पुढे साधारण पंचवीस दिवसांनंतर गर्भ बऱ्यापैकी पक्का होतो, तेव्हा अगदीच नाइलाज असेल तर अंड्याची वरची बाजू वरच ठेवून हलवता येतं.

पण पहिला प्रश्न हलवायचं की नाही हाच. हॉक्सबिल मादी शक्यतो झुडपांच्या रेषेपर्यंत किंवा त्याच्या आत जाऊन खड्डा करते, त्यामुळे बहुतेक घरटी मुळातच सुरक्षित जागी असतात. एखादी मोठी लाट वरून गेली एवढ्याने अंडी मरत नाहीत. अंडं कवचाच्या छिद्रांतून श्वास घेतं. वाळूत पाणी तुंबून राहिलं किंवा रोजच्या भरतीला घरटं बुडत राहिलं तर मात्र गर्भ गुदमरतो. तेव्हा घरटं रोजच्या भरतीच्या आत असेल, किनारा खचत असेल किंवा चोरी ठरलेलीच असेल, तरच हात लावायचा. हॅचरी आहे म्हणून ती भरायची, ही चूक फार ठिकाणी होते.

हलवताना :

मूळ खड्ड्याची खोली आधी मोजा. हॉक्सबिलच्या घरट्याचा तळ साधारण ४० ते ५० सेंटिमीटरवर असतो. नवा खड्डा तेवढाच, आणि आकार मडक्यासारखा : तोंड अरुंद, सुमारे वीतभर, पोट रुंद. सरळ नळीसारखा खड्डा केला तर अंडी उंच रचली जातात, मधल्या अंड्यांना हवा कमी पडते आणि वरची पृष्ठभागाच्या फार जवळ येतात.

अंडी बादलीत, तळाला त्याच घरट्यातली ओलसर वाळू घालून, एकेक ठेवायची. पिशवी खांद्यावर टाकून चालत निघणं वाईट, प्रत्येक पावलाला अंडी फिरतात. हाताला मलम, डास पळवायचं औषध काही नको. खड्ड्यात ओतायची नाहीत, हाताने ठेवायची. वरून आधी ओलसर वाळू, मग कोरडी. कोरडी वाळू थेट अंड्यांवर गेली तर फटींतून खाली उतरते आणि अंड्यांमधली हवेची जागा बुजवते. पायाने दाबायचं नाही.

दोन घरट्यांत किमान एक मीटर अंतर. गेल्या हंगामाची वाळू तीच वापरू नका : कुजलेली कवचं, बुरशी, माश्यांच्या अळ्या सगळं तिथे असतं. जागा बदला किंवा खालपर्यंतची वाळू काढून नवी भरा.

पिल्लं बाहेर यायला साधारण ५० ते ७० दिवस लागतात, वाळू जितकी गरम तितके कमी. पंचेचाळिसाव्या दिवशी घरट्याभोवती जाळीचं कडं लावा आणि तिथून पुढे रात्रभर दर अर्ध्या तासाने पाहा. इथेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. पहाटे निघालेली पिल्लं कड्यात राहिली आणि ऊन चढलं, तर अख्खी खेप तासाभरात मरते.

आणि पिल्लं टबात ठेवणं बंद व्हायला हवं. वाळूतून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो आणि पहिले चोवीस तास ते वेड्यासारखं पोहतं. त्या पोहण्यातच ते किनाऱ्याजवळच्या, भक्षकांनी भरलेल्या पट्ट्यातून बाहेर पडतं. टबात ती ताकद कडेला धडका देण्यात जाते. सकाळी लोक बघायला येणार म्हणून रात्रीची पिल्लं थांबवून ठेवली, तर समुद्रात सोडतो ती दमलेली पिल्लं. निघाली की लगेच, अंधारात, दर वेळी वेगळ्या जागी, पाण्यापासून काही मीटर अलीकडे सोडायची. ती स्वतः चालत जाऊ देत.

शेवटचं पिल्लू निघून तीन दिवस झाले की घरटं उकरून मोजा. अर्ध्याहून मोठी राहिलेली कवचं म्हणजे निघालेली पिल्लं. न फुटलेली अंडी उघडून बघा, तीच खरी माहिती देतात. पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मेलेली असतील तर शेवटच्या आठवड्यांतली उष्णता किंवा पाणी. हॅचरीतल्या बहुतेक अंड्यांत वाढच दिसत नसेल आणि जागच्या घरट्यांत तसं नसेल, तर उचलायला उशीर होतोय किंवा अंडी फिरताहेत.

पुळण :

निवटी, फार उपयोगाचं लिहिलंत, आभार. आता उष्णतेचं विचारतो. गरम वाळूत माद्याच निपजतात असं वाचलंय. हॅचरीवर सावलीचं कापड घालावं का? आणि माद्या जास्त झाल्या तर अंडीही जास्तच मिळतील ना, मग त्यात वाईट काय?

कालव :

थोड्या जास्त माद्यांनी खरंच बिघडत नाही. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, आणि नर माद्यांपेक्षा लवकर-लवकर विणीच्या पाण्यात परत येतात असं काही जातींत दिसलंय. पण त्याला मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांत वयात न आलेल्यांपैकी ९९ टक्के माद्या निघाल्या. हा अभ्यास २०१८ चा. इतकं झाल्यावर पुढची पिढी कुणापासून होणार?

हॉक्सबिलमध्ये नर-मादी अर्धे-अर्धे होण्याचं तापमान सुमारे २९ अंश सेल्सिअस. लिंग ठरतं ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात, म्हणजे साठ दिवस धरले तर विसाव्या ते चाळिसाव्या दिवसांत. त्याच्या दोन-तीन अंश खाली जवळपास सगळे नर, दोन-तीन अंश वर सगळ्या माद्या. आणि ३३ अंशांच्या वर वाळू बरेच दिवस राहिली की नर-मादीचा प्रश्नच उरत नाही, गर्भच मरतात.

म्हणून कापड घालण्याआधी मोजा. तापमान नोंदवणारं छोटं यंत्र घरट्याशेजारी, अंड्यांच्या मधल्या पातळीइतकं खोल पुरा. उबवणीच्या शेवटच्या भागात अंडी स्वतःची ऊब निर्माण करतात, त्यामुळे तेव्हा घरट्याच्या आत शेजारच्या वाळूपेक्षा जास्त तापमान असतं हे लक्षात ठेवा. वाळू ३१-३२ च्या वर राहत असेल तर ५० टक्के सावली देणारं कापड, डोक्याच्या उंचीवर, चारी बाजूंनी वारा खेळेल असं. जमिनीलगत ताणलं तर उलट गरम हवा कोंडते. सगळ्या घरट्यांवर दाट सावलीही नको, नाहीतर उबवणी लांबेल आणि सगळे नरच मिळतील. काही घरटी सावलीत, काही उघड्यावर, हे सर्वांत शहाणपणाचं.

याहून महत्त्वाचं म्हणजे किनाऱ्यावरची झाडी. हॉक्सबिल आपली सावली स्वतः निवडतं. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की झाडांखालची वाळू उघड्या पुळणीपेक्षा बरीच थंड असते आणि नर प्रामुख्याने तिथून येतात. समुद्र दिसावा म्हणून झुडपं तोडली की नर तयार होण्याची जागाच जाते, आणि हे कुणाच्या ध्यानातही येत नाही कारण घरट्यांची संख्या तेवढीच दिसते. झाडी गेली की मागचे दिवेही थेट पुळणीवर पडतात. पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात. दिवा दिसला की समुद्राकडे पाठ. दिवा हवाच असेल तर खाली, झाकलेला, आणि ५६० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा, म्हणजे अंबर किंवा तांबडा. पांढऱ्या दिव्यावर पिवळा कागद लावून भागत नाही.

खाण्याचंही लिहितो, कारण त्याशिवाय प्रवाळाशी असलेलं नातं कळत नाही. कॅरिबियनमधल्या हॉक्सबिलचं अन्न जवळपास सगळं स्पंज असतं, हे १९८८ मध्ये पुढे आलं. स्पंजात सिलिकाच्या, म्हणजे अक्षरशः काचेच्या, सूक्ष्म सुया असतात. या कासवांच्या आतड्यात त्या ठासून भरलेल्या सापडतात आणि त्यांना काही होत नाही. ससाण्यासारखी निमुळती चोच खडकाच्या फटीतून स्पंज ओढून काढायलाच घडलेली आहे. स्पंज जागेसाठी प्रवाळाशी झगडतात, त्यामुळे स्पंज खाणारं कासव गेलं की खडकावरचा तोल बदलतो. उलट प्रवाळ पांढरं पडून ढासळलं की कासवाचा आसरा जातो. हिंद-प्रशांत भागात ते शैवाल आणि मऊ प्रवाळही बरंच खातं.

याच अन्नामुळे त्याचं मांस कधी कधी जीवघेणं विषारी असतं. शिजवून विष जात नाही, त्यावर उतारा नाही, आणि आईने खाल्लं तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही बाधा होते. जिथे कासव खाल्लं जातं तिथे हे स्पष्ट सांगायलाच हवं.

आणखी एक धोका, ज्याची चर्चा कमी होते. ब्राझीलमधल्या बाहिया किनाऱ्यावर हॉक्सबिल म्हणून मोजल्या गेलेल्या माद्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास माद्यांमध्ये लॉगरहेडचा मातृवंश सापडला, म्हणजे त्या संकर होत्या. आपल्या जातीचा जोडीदार मिळेनासा झाला की असं होऊ शकतं. तिथे नुसती घरटी मोजून हॉक्सबिल किती हे कळत नाही.

भरतीरेषा :

कालव यांचं पटलं. जिथे संख्या वाढली तिथे काय केलं हे बघितलं तर मूळ प्रश्नाचं उत्तर आणखी स्पष्ट होतं.

सेशेल्समधलं कझिन बेट १९६८ पासून राखीव आहे. तिथे हॉक्सबिल भर दिवसा अंडी घालायला येतात, म्हणजे मारणाऱ्याला सगळ्यांत सोप्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढच्या साडेतीन दशकांत तिथे येणाऱ्या माद्या सुमारे आठपट झाल्या. सॉलोमन बेटांतल्या अर्नावॉन समूहात स्थानिक समाजांनी १९९५ मध्ये संरक्षण सुरू केलं आणि २०१२ पर्यंत घरटी दुप्पट झाली. दोन्हीकडे अंड्यांबरोबर अंडी घालणारी मादी जिवंत परत जाऊ लागली. फरक तिथे पडला.

पूर्व प्रशांतात मात्र वेगळीच अडचण आहे. २००७ च्या सुमारापर्यंत तिथली हॉक्सबिल जवळजवळ संपली असं मानलं जात होतं. मग एल साल्वाडोरमधला हिकिलिस्को उपसागर आणि निकाराग्वातली पाद्रे रामोस खाडी इथे ती कांदळवनात राहताना आणि अंडी घालताना सापडली. म्हणजे फक्त प्रवाळावर शोधत राहणं चुकीचं होतं. तिथे मोठा धोका शेवंड पकडायला खडकांजवळ रात्रभर लावून ठेवलेल्या जाळ्यांचा. ट्रॉल जाळ्यात कासव सुटायला बसवतात ती जाळीदार झडप, टेड, इथे काही कामाची नाही. ती ओढायच्या जाळ्यासाठी आहे, उभ्या जाळ्यात ती बसवायला जागाच नसते. उपाय दोनच : खडकांजवळच्या ठरावीक पट्ट्यात जाळं न लावणं, आणि लावलंच तर वारंवार तपासणं. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, अडकून धडपडताना त्याचा श्वास विश्रांतीपेक्षा कितीतरी लवकर संपतो.

पुळण, तुमच्या पत्रकात जागा असेल तर जाळ्यातून निघालेल्या निपचित कासवाचं काय करायचं तेवढं नक्की घाला. मेलं समजून ते पाण्यात टाकलं जातं आणि खरोखर बुडतं. हालचाल नसली तरी डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकेच स्पर्श करून बघा. प्रतिक्रिया नसेल तरी लगेच मेलं म्हणू नका. पोटावर ठेवा, पाठीवर नाही. मागचा भाग किमान १५ सेंटिमीटर उचलून खाली काहीतरी सरकवा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरेल. छाती दाबायची नाही. मधून मधून कवच धरून डावी-उजवीकडे हलकं झुलवा. सावलीत ठेवा, डोकं, पाठ आणि वल्ह्यांसारख्या पायांवर ओलं फडकं घाला, पण नाकपुड्या मोकळ्या राहू देत आणि पाण्याच्या टाकीत ठेवू नका. किमान चार तास, गरज पडली तर चोवीस तास वाट पाहा. शुद्धीवर येऊन जोरात हालचाल करू लागलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून, आसपास जाळं नाही हे बघून, होडीच्या मागच्या बाजूने डोकं पुढे करून सोडा.